टाइम ट्रायल: तुमचा सगळ्यात अभिमानाचा दिवस कोणता?

तेरामैल

इथे सायकलचा धागा निघाला की गाडी हमखास मुंबई-पुण्यावर जाते. बोरघाटात कोण सुटला, कोण फुटला, घाटाचा राजा कोण झाला. शर्यत मोठीच आहे, वाद नाही. पण टाइम ट्रायलवर कोणी धागा काढत नाही, म्हणून मीच काढतोय. वय ६६, मुक्काम सोलापूर, सायकल अजून चालू.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: यात सगळे एकदम सुटत नाहीत. एक-एक मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतात. धरणारा मागून सीट धरून उभा, तुमचे दोन्ही पाय पॅडलवर, टाइमकीपर पाचपासून उलटे आकडे म्हणतो आणि तुम्ही सुटता. वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. कुणाचं चाक धरायचं नाही, म्हणजे मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. मागच्याने गाठलं तर मुकाट्याने त्याला जाऊ द्यायचं आणि अंतर ठेवायचं. बघायला कोण असतं? टाइमकीपर, एखादा चहावाला आणि रस्त्यावरची कुत्री. त्यातली कुत्रीच काय ती मनापासून भाग घेतात.

मी काही शर्यती जिंकलो. त्या फारशा आठवत नाहीत. त्या दिवशी कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं, यावर नंबर ठरतो. जिल्ह्यातला तगडा गडी भावाच्या लग्नाला गेला आणि तुम्ही पहिले आलात, तर त्यात तुमचं काय? आठवतात त्या सकाळी वेगळ्याच आहेत.

एक सांगतो, बाकीच्या तुम्ही सांगितल्यावर.

१९८० च्या आसपासची गोष्ट. माझ्याकडे वडिलांची ॲटलास होती. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर सगळं काढलेलं, हँडल उलटं करून बसवलेलं. पुढे ४८ दाती चेनव्हील, मागे १८ चं फ्रीव्हील काढून १६ चं टाकलेलं. गिअर वगैरे काही नाही. कोर्स विजापूर रोडचा, शहराबाहेरून सुटून तेरामैलाच्या थोडं पुढे वळण, एकूण ४० किलोमीटर. एप्रिल महिना, म्हणजे उजाडता उजाडता सुरू करून ऊन चढायच्या आत आटपायचं. सोलापूरचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला कारण सांगायला नको.

माझ्या मागच्या मिनिटाला एक बाहेरगावचा पोरगा होता, वाकड्या हँडलची रेसिंग सायकल, पायात खरे सायकलचे बूट. पहिल्या सहा-सात किलोमीटरमध्येच त्याने मला गाठलं आणि सर्रकन पुढे गेला. आता अशा वेळी अंगात जे येतं ना, ते शर्यत खातं. मी मान खाली घातली आणि माझा श्वास जसा चालला होता तसाच चालू ठेवला. तो दिसेनासा झाला. वळणावरच्या माणसाने माझा आकडा लिहिला. परत आलो तेव्हा अंगात इतकंही उरलं नव्हतं की स्वतःहून सायकलवरून उतरावं. दोघांनी धरून उतरवलं.

नंतर कागद बघितला. जाताना ३७ मिनिटं २० सेकंद, येताना ३७ मिनिटं १६. वारा पडलेला होता त्या दिवशी, त्यामुळे आकड्यांना अर्थ होता. हँडलला बांधलेलं एचएमटीचं घड्याळ सोडलं तर माझ्याजवळ काहीही नव्हतं. नंबर पाचवा की सहावा. तो पोरगा माझ्या कितीतरी पुढे. पण ताकद मोजून मापून वाटून दोन्ही बाजूंना सारखी खर्च केली आणि शेवटच्या खांबाला ती बरोबर संपली, हे त्या सकाळी फक्त मला माहीत होतं. अजून त्याचा ताठा आहे.

आता तुमचं सांगा.

---

कडकभाकरी

मालक, वाचताना अंगावर काटा आला. आमचे वडील मिलमध्ये होते. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि अख्खा रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्यात कोण आधी घरी पोचतो याची पण रोज टाइम ट्रायलच असायची, फक्त डबा हँडलला लटकवून. 😀

एक विचारतो. ती कॉटर पिन, पॅडलचा दांडा म्हणजे क्रँक एक्सलला आवळणारी, ढिली व्हायची ना जुन्या सायकलींची? जोर लावला की क्रँक खटखट करायची. तुमचं कसं टिकलं?

---

तेरामैल

@कडकभाकरी, बरोबर नस पकडली. त्या सायकलींचा खरा शत्रू कॉटर. मऊ लोखंडाच्या पिना, उभं राहून दोन-चार वेळा जोर केला की चेपायच्या आणि डावी क्रँक डुलायला लागायची.

आमच्याकडे एक गडी होता, पॉवरलूमचा फिटर. घरी तेलुगू बोलणारा, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी. त्याने लेथवर चांगल्या पोलादाच्या पिना करून दिल्या, कानशीने घासून घासून दोन्ही बाजूंची चपटी बाजू अशी जुळवली की दोन्ही क्रँक एका रेषेत. बाजारच्या पिनांनी क्रँक नेहमी थोड्या वाकड्या बसतात, लोकांच्या लक्षात येत नाही. एक्सलचे छर्रे पण त्यानेच बदलले. चाकाचा आऊट काढायला त्याला स्टँड लागायचा नाही. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, आऱ्यांवर नख फिरवत जायचं आणि आवाजावरून कुठली निपल आवळायची ते सांगायचं. दिवसभर लूमच्या खडखडाटात काम करून या माणसाचे कान शाबूत कसे राहिले, देव जाणे.

---

पद्मनगर

अण्णा, हे वाचून आमच्या नानांची आठवण आली, ते पण लूमचे फिटर. घरातल्या सगळ्या सायकली त्यांच्या हातच्या. ओव्हरऑइलला दुकानात कधी टाकली नाही.

तुम्हाला ग्रॅम ओब्रीचं माहीत असेलच. स्कॉटलंडचा. घरी बनवलेली सायकल, तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग. पाय एकमेकांजवळ यावेत म्हणून त्याला अरुंद एक्सल पाहिजे होता. त्या सायकलवर १७ जुलै १९९३ ला नॉर्वेत तासाचा विक्रम (एका तासात किती अंतर जाता तो) केला, ५१.५९६ किमी. आदल्या दिवशी प्रयत्न फसला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी परत उभा राहिला. आठवड्याच्या आत ख्रिस बोर्डमनने ५२.२७० करून तो मोडला, ती गोष्ट वेगळी. नानांना मी हे मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले, "यात काय एवढं, बेअरिंग ते बेअरिंग." 😂

---

पुणेरी_गिअर

धागा छान आहे, पण एक शंका. त्या काळच्या स्थानिक स्पर्धांचे कोर्स मैलाच्या दगडांवर मोजलेले असायचे. तेरामैल हे नावच त्यावरून पडलं. १३ मैल म्हणजे २०.९ किमी, पण कुठून? दगडांची मोजणी शहरातल्या कुठल्यातरी जुन्या बिंदूपासून असते. तुम्ही शहराबाहेरून सुटत होतात. म्हणजे ४० किमी खरोखर ४० होते का? १:१४ साध्या सायकलवर म्हणजे ताशी ३२ च्या वर. अशक्य नाही म्हणत. पण १९८० ची वेळ आजच्या जीपीएसच्या वेळेशेजारी ठेवताना जपून ठेवावी.

---

कडकभाकरी

आले पुणेकर टेप घेऊन.

---

तेरामैल

नाही नाही, शंका रास्त आहे. दगडावर विसंबून मोजलेले कोर्स मी पाहिलेत, त्यावरची "विक्रमी" वेळ पण पाहिली आहे. म्हणून तर आम्ही दगड वापरायचोच नाही.

पद्धत अशी. पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल दोरा. सरळ रस्त्यावर पोलादी टेपने अंतर आखायचं आणि सायकल त्यावरून चालवायची, ढकलायची नाही. माणूस बसला की टायर दबतो, चाकाचा घेर कमी होतो, म्हणून जो कोर्स मोजणार त्यानेच बसून चालवायची. किती फेऱ्यांत किती मीटर हे एकदा ठरलं की मग सगळा कोर्स फेरे मोजत चालवायचा. मोजणारा एक, सायकलवरचा दुसरा, शेजारून तिसरा शेकड्याला वहीत रेघ मारणारा. आणि हे सगळं पहाटे, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि परत आल्यावर तीच टेप वेगळं उत्तर देते. म्हणून शेवटी पुन्हा त्या आखलेल्या अंतरावरून सायकल न्यायची, सुरुवातीचं आणि शेवटचं जुळलं तर मोजणी खरी. मॅरेथॉनचे कोर्स आजही सायकलच्या चाकावरच मोजतात, जीपीएसवर नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता तिथे चौपदरी रस्ता झालाय, वळणाची ती जागा दुभाजकाखाली गेली. त्यामुळे तपासायला येऊ नका. 😀

---

पुणेरी_गिअर

पटलं. शंका मागे घेतो. परत आल्यावर पुन्हा आखणीवर तपासायचं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?

---

तेरामैल

त्या लूम फिटरने. तागा मोजताना तो हेच करायचा.

---

सातरस्ता

मला आमच्या लहानपणी चौकात दिवसरात्र सायकल चालवणारे आठवतात. पाच दिवस, सात दिवस खाली न उतरता. सायकलवरच अंघोळ, सायकलवरच जेवण, रात्री लाउडस्पीकरवर गाणी आणि पब्लिक नाणी टाकायचं. त्यांना कोण विचारतं आता? तीसुद्धा घड्याळाशीच शर्यत होती म्हणा.

पहाटेवरून आठवलं. टाइम ट्रायल हा प्रकार इंग्लंडात वाढला तोच चोरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रस्त्यावर झुंडीने शर्यती लावणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण, म्हणून तिथल्या संघटनेनेच रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या. मग १८९५ मध्ये बिडलेक नावाच्या गृहस्थाने ही युक्ती काढली: एकेकट्याला सोडा, म्हणजे शर्यत दिसणारच नाही. भल्या पहाटे जमायचं, अंगात काळे कपडे, जागेचं नाव उघड छापायचं नाही, नुसता सांकेतिक नंबर. कोर्सना नंबर द्यायची ती पद्धत तिथे अजून आहे म्हणतात. ते पोलिसांना चुकवायला पहाटे उठायचे, आपण उन्हाला.

आणि टाइम ट्रायलचा धागा असून अमेरिकेच्या ग्रेग लेमाँचे ८ सेकंद अजून कोणी काढले नाहीत? १९८९, टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किमी. फ्रान्सचा फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. लेमाँने त्या तुकड्यात ५८ सेकंद काढले. ३,२८५ किमीची शर्यत ८ सेकंदांत निकाली. लेमाँच्या हँडलला पुढे निघालेल्या दांड्या होत्या, कोपरं त्यावर टेकवून हात जवळ घेता येतात. फिन्यों साध्या हँडलवर, डोक्याला हेल्मेट नाही, मागे शेंडी उडतेय. ती शेंडी कापली असती तर, यावर लोक अजून भांडतात.

---

वॅटवाला

शेंडीचं सोडा, पण मुद्दा खरा आहे. ताशी ४० च्या वेगाला आपली ८०-९० टक्के ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. आणि हवेपुरतं बोलायचं तर लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त. म्हणून पोझिशन, म्हणजे सायकलवर अंग वाकवून कसं बसता ते, महत्त्वाची.

काका, तुमचा आदर आहे, पण "श्वासावर चालवली" वगैरे आता इतिहासजमा. पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारा) लावला की समोर आकडा दिसतो, तो धरून चालवायची. दोन्ही बाजू सारख्या येतातच. त्यात अभिमानाचं काय राहिलं?

---

तेरामैल

@वॅटवाला, तुमच्या आकड्यांशी भांडण नाही. माझ्या मुलाने मला तो मीटर लावून दिलाय आणि मी रोज बघतो. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली, वारा असला की दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत आणि येऊ पण नयेत. २० किमी वाऱ्याबरोबर ताशी ४० ने, अर्धा तास. २० किमी वाऱ्याविरुद्ध ताशी ३० ने, चाळीस मिनिटं. एकूण सत्तर मिनिटं. लोक म्हणतात सरासरी ३५. ती येते ३४.३, कारण वाऱ्याविरुद्ध तुम्ही जास्त वेळ असता. म्हणजे वारा देताना कमी देतो आणि घेताना जास्त घेतो. जिथे जास्त वेळ जाणार तिथे थोडा जास्त जोर लावायचा, वाऱ्याबरोबर असताना थोडा राखायचा. किती थोडा, हे मीटर सांगत नाही. तो फक्त तुम्ही आत्ता काय करताय ते सांगतो. घाईला लावणाऱ्या वाऱ्यात स्वतःला आवरणं हे त्याच्या स्क्रीनवर कुठे येतं, मला तरी सापडलं नाही.

दुसरी गोष्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

जूनमध्ये आपल्याकडे पश्चिमेचा वारा कसा सुटतो हे सोलापूरवाल्यांना माहीत आहे. पाऊस चार थेंब, वारा मात्र माणूस ढकलून देईल असा. त्या दिवसांत आमची चौघांची टीम टाइम ट्रायल होती, हैदराबाद रोडवर. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये १९६० पासून १९९२ पर्यंत होता, चार जण, १०० किलोमीटर. चौघं एका रांगेत, पुढचा वारा खातो, थोड्या वेळाने बाजूला होऊन मागे येतो, दुसरा पुढे. आणि वेळ धरतात ती तिसऱ्याची. चौथा आला काय, न आला काय, निकालाला फरक पडत नाही. आमचं अंतर ऑलिंपिकइतकं नव्हतं, नियम मात्र तोच.

आमच्यात एक रेल्वेतला, अंगाने आडवा, वाऱ्यात त्याच्या मागे बसलं की खोलीत बसल्यासारखं वाटायचं. एक लूमवरचा कामगार, रात्रपाळी करून थेट आलेला. एक कॉलेजचा पोरगा, चपळ पण कोवळा. आणि मी.

नळदुर्गच्या अंगाला जाताना वारा पाठीशी. सगळे उडत होते. कॉलेजवाला तर पुढे गेला की वेगच वाढवायचा, त्याला रेल्वेवाला ओरडून खाली आणायचा. वळून परत फिरलो आणि वारा तोंडावर. तोही सरळ नाही, डाव्या बाजूने तिरका. तिरक्या वाऱ्यात सरळ रांग कामाची नसते. पुढच्याच्या थोडं उजवीकडे, तिरकं एकामागे एक लागावं लागतं, तरच आडोसा मिळतो. आणि रस्ता त्या काळी दुपदरी, समोरून ट्रक. म्हणजे तिरकी रांग दोघांपुरतीच, तिसरा-चौथा डांबराच्या कडेला वारा खात.

तिथे माझ्या लक्षात आलं की पोरगा संपत आलाय. त्याची पाळी आली की चाक डगमगायचं. रात्रपाळीवाला अजून धरून होता, पण त्याचेही डोळे आत गेलेले. तिसऱ्याची वेळ धरायची असेल तर या तिघांना एकत्र पोचवायला पाहिजे आणि कुणीतरी एकाने आपलं सगळं आधीच खर्चून टाकायला पाहिजे. बोललो काहीच नाही. पोराची पाळी आली की मीच पुढे राहिलो. त्याला मागे हात केला, बस म्हणून. माझी पाळी, त्याची पाळी, परत माझी. रेल्वेवाल्याला कळलं. त्याने एकदा वळून बघितलं आणि पुढचा तुकडा स्वतः लांबवला, मला थोडा दम मिळावा म्हणून.

बोरामणीपर्यंत मी ओढलं. तिथे चढासारखं काही नाही, पण मला तो घाट होता. बाजूला झालो, ते तिघं शेजारून गेले, आणि शेवटचं चाक धरायला माझ्या पायांत काही नव्हतं. चार हात अंतर पडलं, मग दहा, मग संपलं. वाऱ्यात एकदा चाक सुटलं की सुटलं.

पुढचं सगळं अंतर एकट्याने, त्या वाऱ्यात. पोचलो तेव्हा टाइमकीपर टेबल आवरत होते. आम्ही तिसरे आलो होतो. प्रमाणपत्रावर चौघांची नावं आहेत, माझं चौथं. घरात लावलेलं तेवढं एकच प्रमाणपत्र आहे, पहिल्या नंबरांची पेटीत आहेत.

रेल्वेवाला घामेजल्या हातानेच पाठीवर थाप मारून म्हणाला, "पुढच्या वर्षी चौथा मी." आणि पुढच्या वर्षी तो झालाही.

---

कडकभाकरी

मालक 🙏

---

वॅटवाला

काका, याच्यावर आकडा नाही माझ्याकडे. एवढंच सांगतो, आमच्या ग्रुपमध्ये टीम ट्रायलला प्रत्येकाला पहिले तिघंच व्हायचं असतं. मग चौघंही फुटतात.

---

मुक्ता_होटगीरोड

दोन दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते. मी ४४ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी सायकल घेतली, आधी वजनासाठी आणि आता व्यसन. ग्रुपबरोबर जायला मला फार आवडत नाही. गप्पा, फोटो, नाश्ता, मध्ये थोडी सायकल. एकटीने घड्याळ लावून जाणं मात्र आवडतं. याला नाव आहे हे मला इथे कळलं.

बायकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून बेरिल बर्टनबद्दल सांगते. यॉर्कशायरची. शेतावर रूबार्बची रोपं काढायचं कष्टाचं काम करायची. इंग्लंडात वर्षातली सर्वोत्तम अष्टपैलू टाइम ट्रायल खेळाडू ती १९५९ ते १९८३, सलग २५ वर्षं होती. १९६७ मध्ये १२ तासांची शर्यत होती, बारा तासांत किती अंतर जाता ते. पुरुष आधी सुटले, बायका नंतर. ती एकेकाला गाठत गेली. पुढे राहिला एकच, माइक मॅकनमारा, आणि तो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा विक्रम मोडत होता. त्यालाही गाठलं. शेजारून जाताना खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याला दिली, त्याने घेतली, आणि ही पुढे. २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किमी. पुरुषांच्या विक्रमापेक्षा जास्त! पुरुषांना तो आकडा ओलांडायला दोन वर्षं लागली, बायकांमध्ये तो मोडला २०१७ साली.

मला त्या गोळीचं फार कौतुक वाटतं. ती देताना तिच्या मनात चिडवायचं होतं की खरंच द्यायची होती, काही कळत नाही.

काका, तुमच्या काळात सोलापुरात बायका होत्या का?

---

तेरामैल

@मुक्ता, शर्यतीत अगदी कमी. शाळेत सायकलवर येणाऱ्या मुली भरपूर, पण पहाटे हायवेवर सोडायला घरचे तयार नसायचे. आमच्या टेबलावर मात्र होत्या. माझी धाकटी बहीण टाइमकीपर होती. तिच्या स्टॉपवॉचवर कुणी वाद घातलेला मला आठवत नाही, आणि वाद घालणारे आमच्यात चिकार होते. एकदा एका पाहुण्या पुढाऱ्याचा मुलगा स्वतःच्या मिनिटाला जागेवर नव्हता. उशिरा आला आणि म्हणाला, आता सोडा, वेळ आतापासून धरा. नियम असा की तुमचं घड्याळ तुमच्या मिनिटाला सुरू होतं, तुम्ही असा-नसा. तिने त्याला सोडलं आणि वहीत मूळ मिनिटच ठेवलं. पुढाऱ्याचे लोक टेबलाभोवती जमले. तिने वही बंद करून मांडीखाली घेतली आणि बसून राहिली.

मला अभिमानाचे दिवस विचारले तर त्यात हा पण धरा. सायकल मी चालवत नव्हतो, तरी.

---

सातरस्ता

ताई कुठे असतात आता? त्यांना इथे आणा.

---

तेरामैल

हुबळीला. तिला धाग्याची लिंक पाठवलीय. "तुझी वेळ १:१४:३६ होती, त्या पुणेकराला पुढचे सेकंद का खाऊ दिलेस" एवढं उत्तर आलं.

---

पद्मनगर

😂😂 वही अजून आहे वाटतं त्यांच्याकडे!

अण्णा, साठीनंतर काय करता? स्पर्धा की नुसतं फिरणं?

---

तेरामैल

स्पर्धा. फक्त माणसं बदलली. इंग्लंडात चाळिशीपुढच्यांसाठी वयाप्रमाणे ठरलेल्या वेळा असतात, तुमच्या वयाला अमुक अंतराला अमुक वेळ अपेक्षित, त्यापेक्षा किती लवकर आलात तो तुमचा गुण. म्हणजे ७० वर्षांचा माणूस ४५ वर्षांच्याला हरवू शकतो. मला ही कल्पना फार आवडली. आम्ही चार म्हातारे वही घालून तसंच करतो. प्रत्येकाची स्वतःची चाळिशीनंतरची वेळ, दर वर्षी किती घसरायला हवी याचा एक ढोबळ अंदाज, आणि त्यापेक्षा कमी घसरलात तर चहा दुसऱ्याने द्यायचा. गुडघे तक्रार करतात. डॉक्टरांनी उभं राहून जोर लावू नका म्हटलंय, तर टाइम ट्रायलमध्ये बसूनच चालवायची असते, त्यामुळे पथ्य आपोआप पाळलं जातं.

पाणी मात्र तरुणपणापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. तहान उशिरा लागते या वयात. साखर-मीठ-लिंबू, आदल्या रात्रीपासून. शर्यतीनंतर भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही.

नवीन मुलांना एकच सांगेन, रस्त्याची जागा बघून निवडा. चौपदरीवर पहाटे ट्रकवाले झोपेत असतात. मागे-पुढे दोन्ही दिवे, अंगात भडक कपडे, काळे अजिबात नाहीत. बिडलेकचा जमाना गेला.

---

मुक्ता_होटगीरोड

रिपोर्ट देते. आज पहाटे केली, पहिली ४० किमी, मोजून. नवरा स्कूटरवर वळणाला वही घेऊन उभा. १ तास २६ मिनिटं ४० सेकंद. शेवटचे पाच किलोमीटर काय झालं आठवत नाही. पोरांचा डबा करायचाय, सविस्तर संध्याकाळी.

---

तेरामैल

शाब्बास! वारा कुठून होता?

---

पुणेरी_गिअर

अभिनंदन ताई. कोर्स कशाने मोजलात?

---

मुक्ता_होटगीरोड

वारा नैऋत्येचा, हलका. कोर्स चाकाने, लाल दोरा बांधून, परत येऊन टेपवर तपासूनसुद्धा. सहा मीटर फरक आला, तेवढे पुढे वाढवून खूण केली. टेप माझ्याकडेच आहे, पुणेकरांना यायचं असेल तर या, मात्र साडेपाचला. नंतर आलात तरी घड्याळ साडेपाचपासूनच धरणार.